एकच भिंत: रेकॉर्ड की सीडी

११ जानेवारी, रविवार
नितीनने मागची खोली मोजली. त्याच्या आई संक्रांत झाली की चांदवडहून आमच्याकडे येतायत, कायमच्या. गुडघ्यांमुळे तिथला जिना होत नाही आता. त्यांची खाट लावली की एकच भिंत उरते, एकच मांडणी बसेल. माझ्या दोन आहेत. एकीत रेकॉर्ड, एकीत सीडी.
"गाणी दोन्हीत तीच ना? मग एक ठेव," नि. म्हणाला. चिडून नाही, टेप गुंडाळता गुंडाळता.
तीच. म्हणजे बरीचशी. वीस वर्षं हेच जमवलं. ग्लासगो, स्वीडन, शिलाँग, कुठले कुठले छोटे इंडी-पॉप बँड, ज्यांना त्यांच्या गल्लीतही कुणी ओळखत नसेल. फार आवडलं ते दोन्हीत घेतलं.

१३ जाने., मंगळ.
कंपनीची बस. निफाडच्या पुढे धुकं, द्राक्षबागांचे नुसते शेंडे दिसत होते. विंचूर येईपर्यंत डोक्यात स्वीडनवाली गायिका. ती गाते अशीच, शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालत असल्यासारखी.
रेकॉर्डची बाजू वीस मिनिटांत संपते, उठावं लागतं. तेवढ्यात ऊन सोफ्यावरून फरशीवर उतरलेलं असतं. सीडी कधी संपली कळतही नाही. पण सीडी गाडीत लागते, नि. आणि मी दोघं ऐकतो. रेकॉर्ड माझी एकटीची.

१७ जाने., शनि.
लवकर सुटले. दुपारभर रेकॉर्ड धुतल्या. मऊ ब्रश, गाळलेलं पाणी, गॅलरीत सुकत ठेवल्या. मग स्वीडनवाली लावली, रेकॉर्डवर फार दिवसांनी. तिसऱ्या गाण्यात घेतल्या दिवसापासून खरखर होती. आज अजिबात नाही! स्वच्छ. पाण्याखालून वर आल्यासारखं.
ठरलं. रेकॉर्ड राहणार. सीडी द्राक्षांच्या खोक्यांत भरायला घेतल्या.

१८ जाने., रवि.
आई आल्या. एक ट्रंक, अर्धी गोणी कांदे. खोली बघून म्हणाल्या, "लय उजेड हाय." आवडली बहुतेक.

२० जाने., मंगळ.
रजा. आई कोथिंबीर निवडत बसल्या होत्या, मी तीच रेकॉर्ड लावली. तिसऱ्या गाण्याला म्हणाल्या, "काय तडतडतंय गं? फोडणी ठेवली का गॅसवर?"
गॅस बंद होता. म्हटलं, नाही हो आई.
"आसं कसं? ह्या डब्यातून येतंय की." स्पीकरकडे बोट.
स्पीकरला कान लावला. काही नाही. नुसती ती, आणि गिटार.
संध्याकाळी नि.ला सहज विचारल्यासारखं विचारलं. "आहे की खरखर. नेहमीइतकीच." आणि वर्तमानपत्र उघडलं.

२३ जाने., शुक्र.
लॅब. द्राक्षांच्या रसातली साखर तपासत होते. पूनम पलीकडच्या टेबलावरून उठून आली, माझ्या हातापाशी वाजणारा टायमर बंद केला. "मॅडम, केव्हाचा वाजतोय."
हसले. नंतर स्टोअरमध्ये जाऊन तोच टायमर सुरू करून कानाशी धरला. लाल दिवा लुकलुकताना दिसत होता, बस.
नि.ला सांगितलं नाही. सांगितलं की खरं होईल.

२७ जाने., मंगळ.
कानाचे डॉक्टर, एकटीच. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा. बराच वेळ काहीच आलं नाही, मला वाटलं सुरूच केलं नाही.
आलेख दाखवला. डावीकडे सपाट, उजवीकडे घसरगुंडी. दोन्ही कानांचा तसाच. "वरचे सूर गेलेत. परत येणार नाहीत. मशीन लावलंत तर बराच फरक पडेल."
केव्हापासून असेल?
"दोन-तीन वर्षं तरी."
म्हणजे गेल्या दोन-तीन वर्षांत घेतलेलं सगळं... ते मी खरं कधी ऐकलंच नाहीये. माझं वय चव्वेचाळीस.

३१ जाने., शनि.
नि.ला म्हटलं, एक गंमत करू. मी पाठ करून बसते, तू तोच अल्बम कधी रेकॉर्डवर लाव, कधी सीडीवर. मी ओळखते.
पाच वेळा. तीनदा चुकले. शेवटी ठामपणे म्हणाले, रेकॉर्ड. तो हसायला लागला. "सीडी आहे, मॅडम! वीस वर्षं काय जमवलं मग?"
वळले. माझं तोंड बघून त्याचं हसू गेलं. मग सगळं सांगितलं. खरखर, टायमर, घसरगुंडी.
"दहा-बारा दिवस एकटी घेऊन फिरतेस?"
त्याने आधी सीडी बंद केली, मग माझ्याजवळ येऊन बसला. आत आई रेडिओवर बाजारभाव ऐकत होत्या.

५ फेब्रु., गुरु.
मशीन. आठवडाभर वापरून बघायचं. प्लास्टिकची पिशवी एवढा आवाज करते? आणि आपली चप्पल?
रेकॉर्ड लावली. नको. पापडांचा डबा कुणीतरी कानात रिकामा करतंय असं. दोन मिनिटांत सुई उचलली.
मग खोक्यातून सीडी काढली. तिसरं गाणं. मागे खंजिरी वाजते! अगदी हलकी, दर दुसऱ्या ठोक्याला. ती होती हेच विसरून गेले होते. स्वयंपाकघरात जाऊन रडले. आई म्हणाल्या, "दुखतंय का गं ते यंत्र?" म्हटलं, नाही, नाही दुखत.

८ फेब्रु., रवि.
आईंची औषधं आणि स्वेटर आणायला चांदवड. गाडीत सीडी. हायवेला दोन्हीकडे कांदा, हिरवा, मग निळसर, मग नुसता उजेड. आई मागच्या सीटवरून: "ती खुळखुळ्यावाली परत लाव." त्यांनाही खंजिरी कळली होती! नि. आरशात माझ्याकडे बघत होता. तिघांनी तीनदा ऐकलं.
परत आल्यावर मशीन काढलं, रेकॉर्ड लावली, स्पीकरवर तळहात ठेवून बसले. गाणं धूसर, लांबचं, धरणापलीकडच्या दिव्यांसारखं. तेही माझंच आहे. खोटं कसं म्हणू?

१५ फेब्रु., रवि.
मशीन ठेवून घेतलं. सकाळी सुतार आला, नवी मांडणी भिंतीवर ठोकायची म्हणून. रेकॉर्डला कप्पा खोल लागतो, सीडीला निम्मासुद्धा नाही. "किती खोल कापू?"
म्हटलं, चहा घ्या, ऐकून सांगते. आधी मशीन लावून सीडी. मग मशीन काढून रेकॉर्ड. आई खाटेवर, नि. दारात, सुतार फळीवर बशी ठेवून.
सुताराला विचारलं, तुम्हाला कुठलं बरं वाटलं? तो काहीतरी पुटपुटला, मला शब्द कळले नाहीत. मशीन लावलं. पुन्हा म्हणाला, "मला दोन्ही सारखीच वाटली ताई. तुम्ही सांगाल ते कापतो." आणि कानावरची पेन्सिल काढली.
नि. माझ्याकडे बघत होता. म्हटलं, थांबा. अजून एकदा लावते.