आपण वर चढलो त्या वर्षी

३ एप्रिल, बुधवार

आणि वर मलाच म्हणतात — वहिनी, जरा हसा की! कशाला हसू? धुऊन, वाळवून, इस्त्री करून ठेवलेल्या बावीस जर्सी, आणि तो सामन्याला ढोल बडवणारा ढोल्या त्यांच्यावर बूड टेकून बसला! त्याचं बूड म्हणजे काय लहान आहे? न्हाव्याने चहा सांडला. बुटांचा चिखल दारापासून मशिनपर्यंत. मैदानामागची ही धुण्याची खोली म्हणजे यांची चावडी आहे का? वीस वर्षं मी इथे क्लबचे कपडे धुतेय. पण खोली उबदार, चहा आयता, म्हणून सगळे मरायला इथेच येतात.

निमित्त काय, तर आपला फुटबॉल क्लब वरच्या गटात चढला त्याला दहा वर्षं झाली. एकवीस तारखेला, रविवारी, मैदानावर सोहळा. शिवाय पुस्तक! प्रत्येकाने आठवणी सांगायच्या, तिकीटखिडकीवरचे म्हातारे मास्तर त्या लिहून घेणार.

आणि माझ्या धाकट्या भावाला खुर्चीवर बसवून मैदानाच्या मधोमध ठेवणार म्हणे. ‘आपला शहीद,’ न्हावी म्हणाला.

अरे, जिवंत आहे तो! वाळवणीच्या मशिनशेजारी बसलाय, तुमच्या नाकासमोर! डोकं फुटलं, उजवा हात लुळा पडला, तोंडात तीन शब्द उरले — ताई, हो, नको. म्हणून काय मेला?

मास्तरांनी मलाही वही दिली. ‘तुम्हीपण लिहा वहिनी.’ चौथीपर्यंत शिकलेली मी. पण लिहीन. त्यांच्या पुस्तकासाठी नाही. माझं मला.

४ एप्रिल, गुरुवार

चौदा टॉवेल. धाकट्याने ताट भिंतीवर मारलं. दुसरं वाढलं, तेही मारलं. मग मी माझंच ताट मारलं भिंतीवर. तेव्हा हसला.

५ एप्रिल, शुक्रवार

आज पुन्हा तेच पुराण. आदल्या वर्षी आपण तळातून दुसरे होतो, क्लब बंद पडणार म्हणून लोक मैदानावरचे बाकसुद्धा उचलून न्यायला लागले होते. आणि त्या वर्षी काय झालं कुणास ठाऊक! गोलकीपर पावाच्या भट्टीत कामाला — पहाटे पाव, दुपारी सामना, पिठाचे हात तसेच. डावीकडच्या पोराचा बूट चिखलात रुतून बसला तर त्याने नुसत्या मोज्यावर गोल मारला. तो मोजा मीच धुतला. आता न्हावी म्हणतो, तो पोरगा दोन्ही बूट काढून खेळला होता! अजून दहा वर्षांनी म्हणेल, पायच नव्हते.

रीती तर किती! मध्यंतराला मागे पडलो की सगळ्या स्टँडने जर्सी उलट्या घालायच्या. शिट्टी वाजून सामना संपला की लगेच सुलट्या करायच्या, नाहीतर मिळवलेलं उलटतं म्हणे. त्या स्वस्तातल्या जर्सीला निळा रंग फक्त वरून. आतून पांढरीफटक.

आणि माझ्यासाठी वेगळी रीत. एकदाच सामना बघायला गेले, तर चार गोलांनी हरलो. त्यानंतर सगळे हात जोडून — ‘वहिनी, तुम्ही आपल्या खोलीतच बरं!’ अपशकुनी ठरले मी. बसले वर्षभर दार लावून. गोल झाला की धाकटा धावत यायचा. स्टँडखालच्या बोळातून थेट माझ्या दाराशी. ‘ताई, एक!’ आणि परत पळायचा. पाय कसले होते त्याचे! हरिण.

शेवटच्या सामन्यात मध्यंतराला दोन गोलांनी मागे होतो. ‘ताई, एक!’ आला. ‘ताई, दोन!’ आला. तिसऱ्याला आला नाही. मैदान फुटेल एवढी आरोळी ऐकली, आणि दारावर काहीतरी आपटलं. दार उघडलं तर बोळात पडलेला. कान कुठे, डोकं कुठे, कळत नव्हतं.

पांढऱ्यांनी मारला. म्हणजे समोरच्या संघाच्या लोकांनी. हरले तेव्हा चवताळले, हाती लागला त्याला मारलं. असं सगळे सांगतात.

६ एप्रिल, शनिवार

ढोल्या ढोल घेऊन आला! सोहळ्याची तालीम, म्हणे, इथेच. म्हटलं, बाहेर मर. तोपर्यंत दोन थापा पडल्या होत्या. धाकटा उठला — जो धरल्याशिवाय उठत नाही तो — आणि न्हाव्याच्या अंगावर गेला. कान धरला दातांत. न्हावी डुकरासारखा ओरडतोय, ढोल्या धाकट्याच्या पाठीत बुक्क्या घालतोय, मी ढोल्याच्या डोक्यात बादली. बादलीला पोचा पडला. डोक्याला नाही.

शेवटी नवरा आला तेव्हा सुटले. त्याने नुसता मागून धरला धाकट्याला आणि धरूनच बसला. न्हाव्याला पाच टाके.

नवरा माझा वेल्डर. तोंडाने फटकळ, हाताने जड. पण एक सांगते — दहा वर्षं धाकट्याला आंघोळ तोच घालतो. एक दिवस खाडा नाही. ताप असला तरी उठतो. कोणता जावई सासरच्या माणसाचं इतकं करतो? मी त्याच्या शंभर गोष्टी त्यावर सोडून दिल्या.

आणि आणखी एक केलं होतं त्याने. तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात मी सगळ्यांना म्हटलं होतं — त्यांच्यातल्या कुणाचे तरी हात मोडून या, मगच मला तोंड दाखवा. नवरा गेला. पांढऱ्यांच्या बसचा ड्रायव्हर सापडला. दोन्ही मनगटं. त्या दिवशी मी नवऱ्याला बसवून पोटभर जेवू घातलं. काळीज थंड झालं होतं माझं. खोटं कशाला लिहू?

८ एप्रिल, सोमवार

ढोल्या मास्तरांना आठवणी सांगत होता. मी इस्त्री करत होते. नवरा कामावर, न्हावी कान धरून घरी. नाहीतर त्याने ढोल्याचं तोंड दाबलं असतं.

‘लिहा मास्तर. त्या दिवशी आम्ही तिघं — मी, न्हावी आणि आपले दादा — काळी जाकिटं घालून, पाइप घेऊन बोळात उभे. कुणकुण होती ना, की पांढरे हरले तर खेळाडूंची खोली फोडणार. तिसरा गोल झाला, आणि आला की एक धावत! पांढरा! दादांनी असा दिला, असा दिला —’

दादा म्हणजे माझा नवरा.

‘कुठल्या बोळात?’ मी विचारलं.

‘हाच की वहिनी, तुमच्या दाराबाहेरचा!’

‘मग?’

‘मग काय, मी पहिल्या फटक्यालाच पळालो. रक्त बघवत नाही आपल्याला.’ हसतोय मेला! ‘तोपर्यंत तिकडे फाटकाशी त्यांनी आपल्या धाकट्याला गाठला. एक त्यांचा, एक आपला. फिटंफाट!’

फाटकाशी? कोण म्हणालं फाटकाशी?

सात नंबरच्या जर्सीला हातभर भोक पडलं. इस्त्री तशीच ठेवून उभी होते.

९ एप्रिल, मंगळवार

बोळात एकच माणूस पडलेला होता. दार मी उघडलं होतं. दुसरा कुणी असता तर मला दिसला नसता?

त्याची जर्सी दवाखान्यातून पिशवीत मिळाली, ती उलटी होती. मला वाटलं नर्सने तशी ओढून काढली. धुतलीही मीच. रक्ताला गार पाणी आणि मीठ. चिखल आधी वाळू द्यायचा, मग झटकायचा. झटकला तेव्हा शिवणीच्या बाजूने झटकला. चिखल आतल्या, शिवणीच्या बाजूला होता! म्हणजे पडला तेव्हाच जर्सी उलटी होती. वीस वर्षं कपड्यांचे डाग वाचतेय, आणि घरचाच डाग वाचता आला नाही.

शिट्टी वाजायची होती. तिसरा गोल सांगायला तो आधीच सुटला होता. सुलटी करायला वेळ कुठे होता त्याला! आणि मला खोलीत कोंडलं नसतं तर त्याला सुटायची गरजच नव्हती.

१० एप्रिल, बुधवार

नवरा मोरीत धाकट्याला आंघोळ घालत होता. दारात उभी राहिले.

‘अहो, त्या दिवशी बोळात कुणाला मारलंत?’

पाठीला साबण लावत राहिला. एकाच जागी. गोल गोल.

‘कुणाला मारलंस?’ आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरे-तुरे केलं.

तांब्या पडला हातातून. ‘पांढरा दिसला गं.’

ओले कपडे उचलायची काठी दाराशी होती. पहिला फटका खांद्यावर. दुसरा मनगटावर, वाजला. त्याने हात वर केला नाही. मांडी घालून बसला तसाच, धाकट्याला पाठीशी घालून, म्हणजे त्याला लागू नये म्हणून! त्याने माझं डोकंच फिरलं. मोजलं नाही किती मारले. काठी मोडली तेव्हा थांबले. मोरीत साबणाचं पाणी लाल.

‘किती मारलेस त्याला?’

‘तीन.’

‘कधी कळलं?’

‘तिसऱ्यानंतर. खाली पडला आणि म्हणाला, दाजी.’

धाकटा अंगाला साबण तसाच बसलेला. त्याच्या अंगावर पाणी मी ओतलं.

११ एप्रिल, गुरुवार

न्हावी आला, कानाला पट्टी, धाकट्याची दाढी करायला. जसं काही झालंच नाही. त्याची पेटी उचलून गटारात फेकली. वस्तरा, कात्र्या, सगळं. मग त्याची कॉलर धरून भिंतीवर आपटला. ढोल्याला खरंच ठाऊक नव्हतं, येड्यासारखा रडतोय. पण हा बोळात शेवटपर्यंत होता, याला ठाऊक होतं! दहा वर्षं माझा चहा ढोसला याने!

‘कसं सांगणार वहिनी? भाऊ तर गेलाच होता. नवराही गेला असता तुरुंगात. तुमच्याचसाठी —’

‘भाऊ गेला नव्हता!’ दोन दिल्या तोंडात. टाके उसवले. उसवू देत.

मास्तर म्हणतात, वहिनी, पुस्तकात हे कसं घालू? क्लबचं नाव खराब होईल. म्हटलं, तुमच्या पुस्तकाची होळी करा.

नवरा वर्कशॉपमध्ये झोपतो. मनगट मोडलंय, प्लास्टर घातलं. डॉक्टरांना सांगितलं म्हणे, शिडीवरून पडलो.

१२ एप्रिल, शुक्रवार

त्या ड्रायव्हरचं काय?

मी बोलले, याने मोडले. आणि मोडताना याला ठाऊक होतं! मारणारा कोण हे पक्कं ठाऊक असताना गेला, पोटापाण्यासाठी राबणाऱ्या एका माणसाची मनगटं मोडली, घरी आला, हात धुतले आणि माझ्या हातचं जेवला. मी वाढत होते, आणखी घ्या, आणखी घ्या!

तीन फटके चुकून मारले म्हणेल. मान्य. बोळात दिवसाही अंधार, उलटी जर्सी, पांढरा दिसला — मान्य! पण ही मनगटं? ही काही चुकून नाही मोडली.

आणि माझी चूक कुठल्या अंधारात झाली? मी तर भर दिवसा, जिन्यात, मोठ्याने बोलले होते. त्या माणसाला शोधून काढायला हवं. सापडला तर काय बोलायचं ते सुचत नाही. पण ते मला एकटीलाच करायचंय.

१३ एप्रिल, शनिवार

नवरा दाराशी आला होता. आत नाही आला. म्हणाला, धाकट्याची आंघोळ झाली का? म्हटलं, झाली. म्हणाला, कानामागे साबण राहतो, बघत जा. म्हटलं, नीघ.

गेला. धाकटा दाराकडे बघत होता. कितीतरी वेळ.

१४ एप्रिल, रविवार

डॉक्टर म्हणाले होते, त्या दिवसाचं त्याला काही आठवणार नाही. आम्ही धरून चाललो. दहा वर्षांत त्याला कुणी काही विचारलंच नाही. जेवतोस का, शी लागली का, एवढंच.

आज खुर्ची ओढून समोर बसले. विचारलं, तुला कुणी मारलं ते तुला ठाऊक आहे?

‘हो.’

पहिल्यापासून?

‘हो.’

रोज त्याच्या हातून आंघोळ करताना? तेव्हाही?

‘ताई,’ म्हणाला. आणि डावा हात माझ्या तोंडावर ठेवला. गप्प बस, असा.

नाही बसले. हात काढला त्याचा. म्हटलं, ऐक. नवरा माझा, पण फटके तू खाल्लेस. दाजीने या घरात यायचं की नाही, ते तू सांगायचंस. मी नाही सांगणार, क्लब नाही, डॉक्टर नाही. सोहळ्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारपर्यंत. हो म्हण, नको म्हण — पण तुझ्या तोंडून हवंय मला!