समोरची काच

२ नोव्हेंबर २०२५
माझ्या प्यूजोचं इंजिन सुरू झालं! सतरा वर्षांनी! आधी काळा धूर, मग तो ओळखीचा आवाज. इद्रिस मिस्त्री बॉनेटमधून डोकं काढून म्हणाला, "मास्तर, आते खाकरस नही!" मुद्दाम म्हणाला. हे 'खाकरणं' अख्ख्या ब्राह्मणपुरी गावाला पाठ आहे, आणि कुणी पाठ करून घेतलं तेही मला माहीत आहे. ईश्वर. माझा साडू. सासऱ्यांनी एक मुलगी मला दिली आणि दुसरी त्याला – हे गणित मला आजवर सुटलेलं नाही, आणि मी तीस वर्षं गणितच शिकवलं.

३ नोव्हेंबर
कालचं डोक्यातून जात नाही. लिहूनच टाकतो.

२००८. ममताचं लग्न – ममता म्हणजे ईश्वरची मुलगी. त्याची स्वतःची प्यूजो तेव्हा बंद पडलेली, म्हणून नवरदेवासाठी माझी मागितली. दिली! धुतली, झेंडूच्या माळा लावल्या. डिझेल त्याने भरलं, घरच्या ड्रममधलं. त्यात पाणी! पारापाशी येऊन गाडी ठप्प. आणि हा शहाणा सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणतो – "मास्तरनी गाडी मास्तरसारखीच शे. नुसती खाकरस, चालत नही!" लोक पोट धरून हसले. नवरदेवसुद्धा.

तेही गिळलं असतं. पण सकाळी व्याह्याला काय सांगत होता? मी मागेच उभा होतो. "मन्हीच गाडी शे ती." माझी गाडी, आणि मिरवतो हा! त्या दिवसापासून बोलणं बंद. मध्ये दोनच घरं आहेत, तरी बंद.

९ नोव्हेंबर
बायकोने, सुनिताने, आज पुन्हा तेच काढलं. "दोन्ही गाड्या एकच दिनले उन्यात, एकच रंगन्या. भांडतस कसाले?"

आल्या एकाच दिवशी, हो. १९९६, केळीने हात दिला ते वर्ष. मी घेतो म्हटल्यावर आठ दिवसांत यानेही नोंदवली. नक्कल! नाशिकला दोन पांढऱ्या गाड्या शेजारी उभ्या, काचेवर नावांच्या चिठ्ठ्या. ज्या गाडीवर माझी चिठ्ठी, नेमका तिच्याच मागच्या दारावर वीतभर ओरखडा. ईश्वर चहाला गेला. मी चिठ्ठ्या बदलल्या! ओरखडा गेला त्याच्या घरी. कुणाला सांगितलं नाही, सुनितालाही नाही. पश्चात्ताप? मुळीच नाही.

जिल्ह्यात अशा दोनच. नंदुरबार जिल्हा तरी तेव्हा कुठे होता? पाटीवर अजून धुळ्याचं एमएच अठरा आहे. गाडी जिल्ह्यापेक्षा जुनी.

१८ डिसेंबर
इंजिनच्या हेडची पॅकिंग मिळाली. इद्रिसने मालेगावच्या जुन्या बाजारात मारुतीची एक डिझेल झेन उघडायला लावली – इंजिन तेच म्हणे. ब्रेक झाले, सीटा झाल्या, रंग झाला. राहिली फक्त समोरची काच. गेल्या जूनच्या वादळात शेडचा पत्रा तिच्यावर पडला होता.

४ जानेवारी २०२६
काच नाही. मालेगाव नाही, सुरत नाही, मुंबईचा एक माणूस फोनवर चक्क हसला.

एक आहे. ईश्वरच्या गोठ्यात. त्याच्या गाडीत कोंबड्या अंडी घालतात, टायर मातीत गेलेत, पण समोरची काच धड! मी लहान मुलासारखा त्याच्या कुंपणावरून डोकावून बघून आलो. लाज वाटली.

११ जानेवारी
आरटीओची तारीख मिळाली – २० फेब्रुवारी, नंदुरबार. कागद २०११ लाच संपलेत, गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागणार. काचेशिवाय कोण पास करतो!

सुनिताने निकाल सांगून टाकला – या खेपेस पास झाली नाही तर गाडी भंगारात, आणि शेडमध्ये तिची म्हैस. मला तिची भीती नाही. मला एकदाच, फक्त एकदाच ही गाडी ईश्वरच्या दारासमोरून न्यायची आहे. हॉर्न वाजवत. तीनदा. मग म्हण म्हणावं कोण खाकरतं ते.

१५ जानेवारी
सुनिता बहिणीकडे, यामिनीकडे, काच मागायला गेली. ईश्वरने निरोप दिला – "मास्तरले सोता धाड. मांगू दे."

गेलो तर माझं नाव बदला!

३० जानेवारी
नाही.

६ फेब्रुवारी
गेलो.

ओट्यावर बसून शेंगा फोडत होता. उठला नाही. मी उभाच. म्हणालो, "काच हवी होती." त्याने हातातली शेंग फोडली. मग म्हणाला, "काच तं तुन्हीच शे, मास्तर. ली जाय."

बघा हा टोमणा! फुकट देतोय, तर तेही असं – तुझीच आहे म्हणे! नाही म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. यामिनीने चहा आणला, मी प्यायलो नाही.

९ फेब्रुवारी
काच बसली. रबर जुनंच, पण अगदी चोख बसली. कोपऱ्यात कोंबडीची वाळलेली घाण होती, ती मी ब्लेडने काढली. इद्रिसला हात लावू दिला नाही.

जाता जाता इद्रिस म्हणाला, "साहेब चेसिसना नंबर देखतीन. आरसी बुकसंगे एक डाव मिळाई ल्या."

म्हटलं, आकडे मला शिकवू नकोस. पान्हे मोज तुझे.

१९ फेब्रुवारी
उद्या. गाडी दोनदा पुसली. परत येताना ईश्वरच्या गल्लीतून. हॉर्न तपासला. खणखणीत!

२० फेब्रुवारी
नापास.

दिवे, ब्रेक, हॉर्न, काच – सगळं ठीक! साहेबांनी तर कौतुक केलं, असली गाडी पहिल्यांदाच बघतोय म्हणाले. मग बॉनेटखालच्या नंबरावर कागद धरला, वरून पेन्सिल फिरवली, आणि माझं आरसी बुक शेजारी ठेवलं. शेवटचे तीन आकडे पुस्तकात ३१८. गाडीवर ३२७. "ही गाडी तुमची नाही, सर," म्हणाले.

माझी नाही?! मी भांडलो. पेन्सिल बोथट आहे म्हणालो, शाई पुसली असेल म्हणालो, शोरूमवाले चोर, टपालवाले आंधळे, कुणाकुणाला सोडलं नाही! मागे लोक जमले. साहेब बिचारे शांतपणे पुन्हा छाप घेऊन दाखवत राहिले. ३२७. पुन्हा ३२७.

येताना इद्रिस गाडी चालवत होता. प्रकाशा गावाजवळ तापीचा पूल लागला. मग त्याने हळूच विचारलं, "मास्तर, ती दुसरी गाडी कोन्या नंबरनी शे?"

ईश्वरच्या गल्लीतून गेलो नाही. मागच्या रस्त्याने आलो.

२१ फेब्रुवारी
सकाळी ईश्वरच्या गोठ्यात गेलो. कुणाला विचारलं नाही. कोंबड्या हाकलल्या, बॉनेट उचललं. आत सगळा गंज, उंदरांची घरटी. नंबराची जागा तेवढी स्वच्छ, वर ग्रीसचा हात दिलेला. बोटाने पुसलं – ३१८. किती वर्षं पुसतोय हा माणूस तो नंबर? आणि एका शब्दाने बोलला नाही!

मागे ईश्वर येऊन उभा होता. मला शिव्या द्यायच्या होत्या. मी बोटाचं ग्रीस बॉनेटला पुसलं.

"काच बसनी ना बरोबर?" त्याने विचारलं.

बसली, म्हणालो. अख्ख्या गाडीत तेवढीच माझी.