खुंटीवरची किल्ली

रविवार, ७ जुलै

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळ्यांच्या तब्येती ठीक आहेत, तुमच्याही असाव्यात. रीत संपली, आता तक्रार.

जगात अन्यायाचे पुष्कळ प्रकार आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर दर शुक्रवारी आठशे शब्द लिहून मी पोट भरतो. पण कालचा अन्याय पेपरात मावण्यासारखा नाही. बाबांचा लेथ आला. लोखंड कातायचं साडेचारशे किलोचं धूड. सहा माणसं, खाली सरकवायला लोखंडी पाइप आणि सबंध गल्लीचे सल्ले, एवढं लागलं तेव्हा तो गॅरेजात शिरला. माझी स्कूटर उन्हात गेली. बायको म्हणाली, "अजून काय काय येणारे तुमच्या घरून, आत्ताच सांगा." मोटर आली, पट्टा आला, बाबांची ती चेपलेली तेलाची कुपी आली. भिंतीवरची खुंट्यांची फळीसुद्धा आली, प्रत्येक हत्याराभोवती बाबांनी रंगवलेल्या रेघेसकट. फक्त चकची किल्ली आली नाही.

तुला सांगायला नको, पण बायकोला सांगावं लागलं. चक म्हणजे लेथचा पंजा. त्याच्या तीन बोटांत काम धरायचं, आणि ती बोटं उघडायची-मिटायची तर वीतभर किल्ली लागते. ती नसेल तर पंजा मिटलेलाच. अर्धा किलो लोखंडानं साडेचारशे किलोंना अटक केली आहे आणि जामिनाची सोय नाही.

शेजारी एक निवृत्त फिटर राहतात. गल्लीत त्यांना 'मायक्रॉन' म्हणतात, कारण ते भिंतीवर कॅलेंडरही मोजून लावतात. ते आले, यंत्राला एक प्रदक्षिणा घातली.

"किल्ली कुठंय?"

"आली नाही."

"मग हे यंत्र नव्हे, फर्निचर आहे. वर फुलदाणी ठेवा."

तोवर साफसफाई चालू आहे. रॉकेल, जुनी बनियनं, दात घासायचा ब्रश. माझ्या वयाचे लोक गुडघे बदलून घेतात, मी गंज काढतोय. गंजाखाली बाबांची चकाकी अजून आहे. बेडच्या लांब लोखंडी रुळांवर बोट फिरवलं की कळतं.

मी हा लेथ का आणला, हे तू विचारलं नाहीस. तू "मला नको" म्हणालास, भंगारवाला दारात उभा होता, आणि माझ्या तोंडून "मी नेतो" निघून गेलं. बायकोला वाटतं, आठवण म्हणून. तिला वाटू दे.

किल्ली कुठे असेल, काही अंदाज? हमालांनी हरवली असावी, असं मायक्रॉन म्हणतात. मीही तसंच म्हणतो.

वहिनींना नमस्कार. त्यांचं शिवणयंत्र चालू आहे ना? हातचाकाच्या पिनेवर मुठीऐवजी अजून ते दोऱ्याचं रिकामं रीळच आहे का?

तुझा,
धाकटा


रविवार, २८ जुलै

प्रिय दादा,

पार्सल मिळालं. सुतळीच्या गाठी तुझ्याच. कात्रीला दाद देईनात. आत पिवळं फडकं, फडक्यात किल्ली आणि चिठ्ठीवर तुझ्या अक्षरात चार शब्द: "काम झालं की खुंटीवर." मी आठशे शब्दांत जे सांगू शकत नाही, ते तू चारांत सांगतोस. एरवी हेवा वाटला असता.

आधी कामाचं लिहितो. तेल सगळीकडे घातलं. पट्टा सर्वांत सावकाश फिरणाऱ्या पुलीवर चढवला आणि तासभर लेथ नुसता मोकळा चालवला. आवाज तोच आहे, आई म्हणायची तसा, दळण चालल्यासारखा. मग साध्या लोखंडाची सळई धरून तोंड सपाट करायला घेतलं, तर मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी बोंडी राहिली. मायक्रॉन म्हणाले, "कातायचं टूल खाली आहे. उचला." बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून टूलखाली घातला, बोंडी गेली. इतका आनंद मला पहिला लेख छापून आला तेव्हाही झाला नव्हता. हे वाक्य उगाच लिहिलं नाही. पुढे येईलच.

मग सळई लांबीला कातली. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. गाजर. पुन्हा कातली, पुन्हा गाजर. मायक्रॉननी मोजलं आणि म्हणाले, "हे सरकारी अंदाजपत्रक आहे. सुरुवातीला भरगच्च, शेवटी काही नाही." कारण विचारलं तर म्हणतात, "तुमच्या घरात टर्नर आहे ना? त्याला विचारा की."

विचारतो. पण त्याआधी किल्लीचं.

मागच्या पत्रात खोटं बोललो. हमालांचा काही दोष नव्हता. घर रिकामं करताना फळीवरची ती खुंटी मोकळी झालेली मी पाहिली होती आणि तुझ्या सदऱ्याचा खिसाही एका बाजूला ओढलेला पाहिला होता. 'ती किल्ली दे' असं तुला म्हणायला जीभ वळेना, म्हणून हमालांवर ढकललं. दुसऱ्यावर ढकलायची माझी सवय जुनी आहे.

एकोणतीस वर्षांपूर्वीचा तो रविवार. तुझ्या लग्नाला सहा महिने झाले होते. वहिनींच्या शिवणयंत्राची मूठ तुटली होती आणि नवी कातायला म्हणून तू पितळेचा गोल तुकडा आणून ठेवला होतास. तुम्ही दोघं बाहेर गेला होतात. माझ्या कविता की काय ते तेव्हा साभार परत येत होतं, तरी मी लेखक झालो होतो. आणि लेखकाच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून पितळेचं वजन हवं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. तुझाच तुकडा उचलला. चकमध्ये धरला, निम्मा कातला. तो हलतोय असं वाटलं म्हणून यंत्र थांबवून पुन्हा आवळत होतो, तेवढ्यात आईनं चहाला हाक मारली. मी गेलो. किल्ली चकमध्येच राहिली.

पहिला घोट घेतला तेव्हा तू परत आलास आणि सरळ आत गेलास. लेथ चालू झाल्याचा आवाज आला. मग दुसरा आवाज आला.

तू किल्ली बघितली नाहीस, कारण त्या घरात ती बघावी लागत नसे. बाबांचा एकच कायदा होता: किल्ली हातात, नाहीतर खुंटीवर; तिसरी जागा नाही. त्या घरात तो कायदा न पाळणारा एकच माणूस होता, आणि तो स्वयंपाकघरात बशीत चहा ओतत होता.

बाबा, आई, वहिनी तुला दवाखान्यात घेऊन गेले. मी म्हणालो, "मी घर बघतो." इथवर थांबलो असतो तर त्याला चूक म्हणता आलं असतं. मी आत गेलो. चकमधून उडून तुला लागलेली, भिंतीशी पडलेली किल्ली उचलली, पुसली. त्याच किल्लीनं चक सोडवला, ते पितळ काढलं, खिशात घातलं. आणि किल्ली खुंटीवर अडकवली. जन्मात पहिल्यांदा.

बाबा संध्याकाळी परत आले. तुझा डावा डोळा गेल्याचं त्यांनी सांगितलं. रिकाम्या चककडे बघत म्हणाले, "दहा वर्षं शिकवलं याला. आणि किल्ली चकमध्ये ठेवतो." मी चहाचे कप विसळत होतो. विसळत राहिलो.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहून देतो. बोललेलं मी फिरवू शकतो, त्यात माझा हात कुणी धरणार नाही. लिहिलेलं तेवढं सोपं नाही. तुला कारखान्यात लेथवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. वर्षभरानं मी एक विनोदी लेख लिहिला: यंत्राशी कुस्ती खेळणारा धांदरट टर्नर, थोरला भाऊ, स्वतःच किल्ली विसरतो आणि स्वतःच विचारतो की कुणी मारलं. लोक पोट धरधरून हसले. संपादकांनी मला शुक्रवारचा रकाना दिला. आज मी जे काही आहे ते त्या लेखामुळे. बाबांनी तो कापून वहीत चिकटवला. तू काही बोलला नाहीस. मी ठरवून टाकलं, की तू वाचला नसावास.

गेल्या वर्षी बाबा गेले तेव्हा भेटायला एक म्हातारे गृहस्थ आले होते, तुझ्या कारखान्यातले. मला म्हणाले, "तुम्ही किल्लीवाल्याचे भाऊ ना?" मी म्हटलं, कोण किल्लीवाला? ते हसले. "अहो, पेपरात आलं होतं की त्याचं! स्टोअरच्या खिडकीशी लावलेलं होतं. तेव्हापासून नावच पडलं त्याला."

अठ्ठावीस वर्षं, दादा. नावं ठेवणं हा माझा धंदाच आहे. हे एक मी ठेवलं आणि मलाच ठाऊक नव्हतं.

लेथ का आणला, त्याचं उत्तर हे. भंगारवाल्यानं नेला असता तर मला फार बरं वाटलं असतं. ते बरं वाटणं मला नको होतं.

'माफ कर' असं लिहिलं होतं, ते खोडलं. ते म्हणजे तुझ्यावर आणखी एक काम टाकणं. एकच विचारतो: हे सगळं येत्या एखाद्या शुक्रवारी, त्याच रकान्यात, माझ्या नावानं छापू का? एकदा तुला न विचारता तुझ्यावर लिहिलंय. पुन्हा नाही लिहिणार. आणि एकदा येऊन लेथ बघून जाशील का? नाही आलास तरी मी पुन्हा विचारणार नाही, असं लिहिणार होतो, पण विचारीन.

तुझा,
धाकटा


रविवार, २५ ऑगस्ट

प्रिय दादा,

तुझं उत्तर आलं नाही. वहिनींचा फोन आला. तुला माहीत असेलच. तू बाजूला खुर्चीत बसून पेपर वाचत असल्याचं नाटक करत होतास, असं त्या म्हणाल्या.

मी आधी वहिनींनाच म्हटलं, की पितळ तुमच्या मुठीचं होतं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना माहीत होतं. बटण दाबताना चकमध्ये पितळ दिसलं होतं त्यांना. हे इथं कुणी लावलं, म्हणून ते त्याच्याकडेच बघत राहिले. किल्लीकडे लक्ष गेलं नाही ते त्यामुळं."

"मग बाबांना सांगितलं का नाही?"

"मीपण तेच विचारलं. परवा, तुमचं पत्र वाचल्यावर. मला तरी कुठं सांगितलं होतं इतकी वर्षं! म्हणाले, तो सांगेल म्हणून थांबलो. मग थांबायची सवय झाली."

गेले दोन आठवडे मी शुक्रवारचे लेख कसे पाडले, मला आठवत नाही. त्या एका वाक्याशेजारी माझं कुठलंच वाक्य उभं राहीना.

बाकीचे निरोपही पोचले. छापण्याबद्दल: "काही नको म्हणावं. लोक पुन्हा हसतील, आणि पेपर शेवटी रद्दीतच जातो." गाजराबद्दल: "बेडला पीळ आहे. पाणसळ लावली होती का, विचार त्याला." आणि येण्याबद्दल: "आधी गाजर सरळ होऊ दे."

पाणसळ लावली नव्हती. इतकं तेल, इतकं रॉकेल, इतका पराक्रम, आणि खालची फरशी सपाट आहे की नाही हे बघितलंच नव्हतं. मायक्रॉनना सांगितलं तर म्हणाले, "मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. पण घरच्या माणसानं सांगितलेलं बरं असतं." त्यांचीच पाणसळ आणली. बेडवर आडवी ठेवली, आधी चकपाशी, मग शेवटाला. चकपाशी बुडबुडा मध्ये, शेवटाला भिंतीकडे पळालेला. अलीकडच्या, खाली गेलेल्या पायाखाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवत चार दिवस गेले. एक पट्टी घालायची, बोल्ट आवळायचा, बुडबुडा बघायचा, पुन्हा सोडायचा. बुधवारी दोन्हीकडे मध्ये थांबला. नवी सळई कातली. मायक्रॉननी दोन्ही टोकं मोजली, चष्मा पुसला, पुन्हा मोजली आणि काही न बोलता घरी गेले. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही, असं त्यांच्या बायकोनं सांगितलं.

सोबत एक छोटं पुडकं पाठवतोय. ते पितळ माझ्या टेबलाच्या खणात होतं. लेखांवर वजन म्हणून एकदाही ठेवलं गेलं नाही. तेवढी लाज होती, किंवा भीती. निम्मं मी तेव्हा कातलेलं, निम्मं तसंच. पिनेचं माप वहिनींनी फोनवर दिलं, दोरा गुंडाळून मोजलेलं, म्हणून भोक केसभर सैल ठेवलंय. मूठ बोटांत फिरायला तर हवीच. कड गोल केलीय, हाताला लागणार नाही. एका बाजूला टूलची बारीक रेघ राहिली आहे. ती काढायला गेलो असतो तर माप गेलं असतं, म्हणून राहू दिली.

वहिनींना म्हणावं, आता ते रीळ काढा. उशीर झाला, पण पितळ तुमचंच आहे.

पत्र पाकिटात घालण्याआधी उठून गॅरेजात जाऊन आलो. चक रिकामा आहे. किल्ली खुंटीवर आहे.

तुझा,
धाकटा