खंडेनवमीचे बूट

२१ सप्टें., रवि.
आमच्या पाच नंबरच्या खोलीतल्या भाडेकरणीनं आज अख्खं अंगण झाडलं. का, तर सासूबाई उद्यापासून नवरात्रभर अनवाणी राहणार, त्यांच्या पायात काटा नको जायला. सासूबाई विरघळल्याच. "बघ गं वैशाली, परक्या मुलखातली पोर, पन समज हाय." या घरात माझे केस पिकायला आले, माझ्या समजेचा कधी उल्लेख नाही.
मिझोरमची आहे. नाव रुआती, सासूबाईंची 'रुती'. माझ्याच कंपनीत, माझ्याच लाइनवर. इथे मी तिला चि. लिहिणार. चिरंजीव नव्हे, चिंकी. बसमध्ये सगळ्याच म्हणतात, मी एकटीनं काय घोडं मारलंय.

२४ सप्टें., बुध.
बसमध्ये परत तेच. कुत्रं खाते, डब्याला वास येतो. चि. कानात वायरी घालून बसली होती, पण गाणं चालू नव्हतं, मला शेजारून मोबाइल दिसत होता. मी हसले नाही. कुणाला गप्पही केलं नाही. तिच्या शेजारची सीट नेहमी मोकळी, म्हणून मला बसायला मिळतं, एवढाच आमचा संबंध. डब्यात भात आणि उकडलेला पाला. वास कसला येणार डोंबलाचा.
लाइनवर मात्र ती उडते. माझ्या आधी बोर्डवरच्या सगळ्या वायरी लावून हात बांधून उभी. देसाई सर म्हणाले, "वैशालीताई, जरा रुआतीचा हात बघा कसा चालतो." ही शेड आहे तिथं माझ्या सासऱ्यांची बाजरी असायची. आणि मी हिचा हात बघू!
दिवाळीनंतर लाइन लीडर नेमणार. ती जागा माझी आहे.

२९ सप्टें., सोम.
जळते मी. लिहून टाकलं, बरं वाटलं.
खंडेनवमीला आमच्या लाइनची पूजा सगळ्यात जुनी बाई करते. म्हणजे मी. बोर्डला झेंडूचा हार, पुढे पक्कड, कटर मांडायचे, नारळ फोडायचा. एवढा मान मला माहेरीही नाही. आज सर म्हणाले, "यंदा नवीन लोकांना पुढं करू. रुआती करेल." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हटलं, करू द्या की. घरी येऊन भाकरी करपवली. ह्यांनी विचारलं काय झालं. काय सांगणार?
संध्याकाळी चि. दारात. "दीदी, पूजा में क्या करना है? मेरे को कुछ नहीं मालूम. हम लोग तो चर्च." सगळं सांगितलं. आधी हळद, मग कुंकू, नारळाची शेंडी देवाकडे. अगदी प्रेमानं सांगितलं.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
एक सांगायचं राहिलं. राहिलं की ठेवलं, ते देवीला ठाऊक.
पूजेला आम्ही बूट काढतो. त्या दिवसापुरतंच. एरवी शेडमध्ये सेफ्टी बूट काढायची सोय नाही. चि.नं नवीन असताना जेवताना नुसते सैल केले, तर सगळ्यांदेखत ओरडा बसला होता. तेव्हापासून ती नाडीला गाठीवर गाठ मारते.
आज आम्ही सगळ्या मागे, पायांतले बूट काढून. ती पुढे, पाठमोरी, बूट घालून. सर फोटो काढण्यात दंग. मला दिसलं. हळूच हाक मारली असती तरी तिला ऐकू गेलं असतं. बाकीच्यांनाही दिसलं असेलच.
नारळ एका फटक्यात फुटला. टाळ्या वाजल्या. मग कुणीतरी मोबाइल तिच्या पायांवर धरला.

२ ऑक्टो., गुरु. दसरा
व्हिडिओ गावभर. खाली लिहिलंय, आमच्या जमिनी घेतल्या, आता आमच्या देवाला बूट दाखवतात.
सोनं द्यायला निघालेली पोरं आपट्याची पानं हातात घेऊनच पाच नंबरच्या दारात. सगळ्यात पुढे आमचेच सागर भाऊजी. कंपनीनं त्यांना नोकरीला घेतलं नाही तेव्हापासून कुणावर तरी काढायचंच होतं. "भायेर काढा त्या चायनीजला!" दगड आला, खिडकीची काच गेली.
सासूबाई तशाच अनवाणी आडव्या गेल्या. "सागऱ्या, खोली माझी हाय. पोर माझ्या दारात हाय. लाव हात, बघतेच." पाय काचेवर पडला. रक्त बघून पोरं पांगली.
पट्टी चि.नं बांधली, त्यांचा पाय मांडीवर घेऊन. मी तांब्या धरून उभी. आणि खरं सांगते, तेव्हासुद्धा मनात आलं, तो पाय माझ्या मांडीवर का नाही?

४ ऑक्टो., शनि.
चि.च्या मुलखातल्या मुली कुणीच कामावर आल्या नाहीत. गेटवर पोलिसांची गाडी.
सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "सोमवारी गावची माणसं येणार आहेत. तुम्ही तिच्या शेजारी राहता. तिला बूट काढायचं सांगितलं होतं का? सांगूनही ऐकलं नसेल, तर तिला कामावरून काढू. गाव शांत होईल. आणि लाइन लीडरला मग तुमचंच नाव."
घरी भाऊजी म्हणाले, "वहिनी, सांगितलं व्हतं म्हना. तुमचंच भलं हाय."
भलं तर आहेच.

५ ऑक्टो., रवि.
सकाळी अंगणात खराट्याचा आवाज. बाहेर गेले तर रुआती. खराट्यात अडकलेल्या काचा बोटांनी काढत होती. मला बघून उभी राहिली.
"दीदी, जूता निकालने का, आपको मालूम था?"
रागानं नाही विचारलं. रागानं विचारलं असतं तर भांडले असते, भांडण मला येतं. म्हटलं, बोटं कापतील, दे इकडे. खराटा घेतला आणि झाडायला लागले. ती तिथेच थांबली होती. मग खोलीत गेली.
आतून सासूबाईंनी हाक मारली, "रुती, तूच झाडतीस ना गं?"
झाडत राहिले.
उद्या सर तेच विचारतील, तेव्हा हातात खराटा नसेल.