दारावरचं आवतन

प्रिय रीता,

जय भीम, अन् तुझ्या तांड्याच्या रिवाजानं जय सेवालाल. पाकीट जपून उघड बाई, आतली पुडी सांडू देऊ नको. तिच्यात काय आहे अन् ती कायले पाठवली, ते शेवटी सांगते. आधी आपल्या सभासदांच्या डाळ गिरणीची खबर ऐक. गिरणी वाचली!

तू लेकासोबत, धनराजसोबत पुण्याले गेली, तेव्हापासून आसेगावात बरंच बदललं. आठवते का, संस्थेच्या सभेआधी आपण दोघी कशा दारोदार फिरायचो? आमची विहाराजवळची घरं, तुमचा तांडा, वरची आळी, एकही दार सुटायचं नाही. प्रत्येक घरी गिरणीतली मूठभर डाळ द्यायची अन् म्हणायचं, आपल्या घरचं काम आहे, या. लोकांचे टोमणे ऐकायचे, चहा प्यायचा. धनीबाईच्या त्या काळ्या गुळाच्या चहानं तुझं पोट बिघडलं, तरी पुढच्या वर्षी तू तिच्याच घरात पहिली शिरली होती.

तू गेल्यावर लोकायनं मले अध्यक्ष केलं. गिरणीचा नवा मॅनेजर, नवीन नावाचा पोरगा, म्हणाला, ताई, उन्हात कायले फिरता, ग्रुपवर टाकून देऊ. मलेही बरंच वाटलं, गुडघे दुखून राह्यले होते. नोटीस सगळ्यांच्या मोबाइलवर गेली, खाली अंगठ्याची चित्रंबित्रं आली. अन् सभेच्या दिवशी? मांडलेल्या खुर्च्या अन् आमी संचालक, बस! त्याच दिवसांत एका व्यापाऱ्यानं गिरणी भाड्यानं मागितली होती. संचालक म्हणाले, सभासदांनाच पडली नाही तर आपण काहून मरावं? पुढची सभा अशीच रिकामी गेली तर देऊन टाकू. ज्या गिरणीसाठी आपण डोक्यावर विटा वाहिल्या, ती अशी जाणार म्हणून घरी येऊन मी ढसाढसा रडली.

मग रडण्याचा राग झाला. तशीच तांड्यावर रुखमाबाईकडे गेली, जाब विचाराले. तिनंच मले उभ्या उभ्या झापलं. म्हणे, मोबाइलवर तं साबणाचीही जाहिरात येते, साबणवाल्याच्या घरी जातो का आमी? दारात कोणी आलं नाही, मंग आमाले बोलावलं हे कसं समजावं? एकदा तोंड सुटलं, मग ती थांबते कशाची! तांड्याच्या तुरीचा नंबर भरडायले दरवर्षी शेवटी कायले लागते, हेही निघालं. या गोष्टी पहिले दारातच कानावर पडायच्या ना आपल्या. लोकायले गिरणी नकोशी झाली नव्हती, रीता. लोक रुसले होते.

मग काय, गुडघ्याले तेल चोपडलं, पिशवीत डाळ भरली अन् नवीनले सोबत घेतलं. बिचाऱ्यानं इतका चहा पिला की पुढे पुढे कोणाच्या घरी कप दिसला की तो माझ्यामागे लपे. सभेले अशी गर्दी झाली की खुर्च्या पुरल्या नाहीत, बाया ताडपत्रीवर बसल्या. भांडणं किती झाली, ते विचारूच नको! पण भाड्यानं द्यायचं म्हटल्याबरोबर सगळे एका आवाजात नाही म्हणाले. अन् ठरलं की दरवर्षी वेगळ्या वस्तीपासून भरडणं सुरू करायचं, यंदा पहिला नंबर तांड्याचा. धनीबाई उठून म्हणाली, अंगणवाडीतल्या पोरायले आपल्या गिरणीची डाळ द्या. तेही मंजूर झालं. छातीवरचा धोंडा उतरला बाई, कित्येक दिवसांनी मी पोटभर जेवली.

आता त्या पुडीचं. तांड्यातली सगळी दारं झाली, तुझ्याच दाराले कुलूप होतं. सवयीनं मी ओट्यावर चढली, हातात डाळ घेतली, अन् तशीच उभी राहिली. आमच्या सरिताच्या लग्नाची पत्रिका मी तुले मोबाइलवर धाडली होती. तुझं उत्तर नाही, फोन नाही. पुण्याले जाऊन मोठी शिष्ट झाली, म्हणून मी मनातल्या मनात तुले शिव्या देऊन राह्यली होती. जी पोरगी तुझ्या मांडीवर वाढली, तिच्या लग्नाचं आवतन मी तुले साबणाच्या जाहिरातीसारखं पाठवलं! पुण्यापर्यंत हे गुडघे मले नेत नाहीत, म्हणून कागदावर बसून तुझ्या दारी आली. तुझ्या ओट्यावर माझ्या मुठीत होती, तीच डाळ या पुडीत आहे. दिवाळी झाली की विहाराच्या मैदानात लग्न आहे. आपल्या घरचं काम आहे, रीता. ये.

तुझ्या दारात उभी,
तुझीच दुर्गा