माळ्यावरची फुसफुस

केळझर, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९९८

माळ्यावर साप नव्हताच. परवा फुसफुस ऐकून सासूबाई यांना म्हणाल्या, "वर नाग हाये बाबू, मिरच्याची धुरी दे." यांनी दिली. आवाज थांबला, तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. मलाही.

आज यांनी शिडी लावून पाहिलं. घुबडाची तीन पिल्लं, पांढरी तोंडं एकमेकांत खुपसून मेलेली. भूक लागली की ती अशी फुसफुसतात, हे आम्हाला काऊन ठाऊक नव्हतं? सासूबाई जेवल्या नाहीत.

दिवेलागणीला पिल्लांची आई आली. तेच पांढरं तोंड, चोचीत उंदीर. हे हळूच म्हणाले, "हाकलू काय तिले?" मी म्हटलं, "नको, बसू द्या."

माळ्यावर उंदीर ठेवून ती पुन्हा शेताकडे उडाली. एकानं तिघांचं भागणार नाही, असं वाटलं असेल तिला.