गोदामातलं विमान

१२ सप्टेंबर १९८८, फैजपूर

मुंबईचे संग्रहालयवाले आज येऊन गेले. तिघं होते. विमान पाहिलं, ह्यांचे फोटो पाहिले, दोनदा चहा घेतला.

ह्यांच्या माघारी चाळीस वर्षं ते आमच्या कापसाच्या गोदामात उभं आहे. दोन पंख वर, दोन खाली, अंग कापडाचं, पुढे एक आणि मागे एक अशा दोन उघड्या सीटा. छत्तीस साली हे त्यातून एकटे कराचीहून कोलंबोला गेले आणि एकदम मोठे झाले. पेपरात फोटो, जळगाव स्टेशनवर हार, बँड. मी तेव्हा जामनेरला माहेरी, रतिलालच्या बाळंतपणात. नवरा कुठे आहे ते पेपर वाचून कळायचं.

त्यातला थोरला म्हणाला, "वहिनी, हा देशाचा ठेवा आहे." असेल. झाडून मीच काढते.

त्यांचा बेत असा— दुरुस्त करायचं, उडवत मुंबईला न्यायचं, आणि मग संग्रहालयाच्या छताला कायमचं टांगायचं.

१३ सप्टेंबर

कळवलं त्यांना. विमान फुकट देते. अट एकच— टांगायच्या आधी मला त्यात बसवून एकदा वर न्यायचं.

रतिलालला वाटलं मी थट्टा करते आहे. सुनेला, मंदाला, वाटलं नाही. ती पोळी लाटायची थांबली.

२० सप्टेंबर

मंदाने विचारलं, "मामंजींनी तुम्हाला कधीच नेलं नाही?"

नाही. बाकी सगळ्यांना नेलं. कलेक्टरच्या बायकोला. हेडमास्तरांना. चाळीसगावचा एक व्यापारी, तो वर जाऊन ओकला. नणंदेला तर नव्या शालूसकट नेलं. मी मात्र खाली, हात डोळ्यांवर धरून.

सासूबाईंची ताकीद होती. दोघांनी एकदम वर जायचं नाही, पोरांना मागे एक कुणी पाहिजे. चूक काय त्यात? मीसुद्धा सुनेला हेच सांगितलं असतं. हे म्हणायचे, पोरं मोठी होऊ दे, मग तुला रोज नेतो. पोरं मोठी होत होती, तेवढ्यात हे काविळीने गेले. आठवड्याभरात! विमानातून पडतील म्हणून अख्खं घर जीव मुठीत धरून बसलेलं, आणि माणूस गेला खाटेवर, पिवळा होऊन.

मला त्याचा राग येतो. अजून येतो.

५ ऑक्टोबर

इंजिनिअर आले. पंडित त्यांचं नाव. मुंबईहून दोन मोठ्या पेट्या भरून हत्यारं आणली आहेत. आल्या आल्या सांगून टाकलं की एवढी वर्षं बंद पडलेलं इंजिन गंजून एकजीव झालेलं असतं, फार आशा धरू नका.

मग पुढचा पंखा हाताने ओढून पाहिला. तो फिरला. परत ओढला. परत फिरला. माझ्याकडे बघत राहिले.

त्यात एवढं काय? दर दसऱ्याला मी पूजा करते. लोक नांगर पुजतात, वजनकाटा पुजतात, आमच्या घरी विमान. हे असताना पूजेच्या दिवशी इंजिनात तेल सोडून पंखा सात वेळा फिरवायचे. ते गेल्यावर मी तेल सोडते आणि फिरवते. पंडितांनी विचारलं, कुठलं तेल? म्हटलं, असेल ते. कधी एरंडेल, कधी ट्रॅक्टरचं. त्यांनी डोक्याला हात लावला. मग इंजिनाचा पत्रा उघडला तर आतून ओंजळभर अक्षता निघाल्या, कुंकवाने माखलेल्या.

"त्या तेलानेच वाचलंय हो," म्हणाले. वर हेही म्हणाले की पुन्हा अक्षता टाकू नका.

२० ऑक्टोबर, दसरा

पंखा काढून ओट्यावर ठेवलेला होता. तिथेच हळदकुंकू वाहिलं. अक्षता टाकल्या नाहीत.

९ नोव्हेंबर

दिवाळी. फराळाचं झालं. विमानाचं जुनं कापड सोलून काढलं, आत नुसता लाकडी सांगाडा. मंदा म्हणाली, बघवत नाही. मला वाईट वाटायला हवं होतं बहुतेक. वाटलं नाही. आत उंदराने केलेलं घरटं होतं, ते काढून टाकलं.

११ जानेवारी १९८९

विमान जळगावच्या विमानतळावर गेलं. आपल्याच केळीच्या ट्रकमधून, पंख वेगळे, खाली केळीची पानं अंथरून. गाव लोटलं होतं. बायका मला धरून रडायला लागल्या. मी तयारच नव्हते रडायला, उगीच अवघडल्यासारखं झालं.

बेबाबाई कामाला आली तेव्हा म्हणाली, "आक्का, गोदाम कसं भकास दिसून राह्यलं."

दिसतं खरं. आता तिथे कापूस मावेल.

२ फेब्रुवारी

जळगावला जाऊन आले. पायलट आपल्याकडचेच निघाले, जामनेरचे रुपचंदभाऊ. पूर्वी विमानातून कपाशीवर औषध फवारायचे, आता रिटायर. त्यांनी दोन दिवस विमान उडवून पाहिलं. मी खाली उभी राहून पाहिलं. पुन्हा खालीच.

उतरल्यावर पंडितांनी घसा साफ केला. म्हणाले, नियमात प्रवासी बसत नाही, बाई. शिवाय तुमचं वय, तुमचं ब्लडप्रेशर.

म्हटलं, मग पंख सोडवा आणि ट्रक बोलवा. गोदाम रिकामंच आहे.

मग रुपचंदभाऊ म्हणाले, "आक्कांना मी नेतो. विचारलं कुणी तर मी बघून घेईन." पंडित तिकडे निघून गेले, म्हणजे ऐकलं नाही असं झालं.

ठरलं. गुरुवारी सकाळी विमानतळावर एक फेरी, मला उतरवायचं, मग ते धुळे, नाशिक करत मुंबईला जाणार.

५ फेब्रुवारी

रतिलालशी भांडण. मोठंच झालं.

"लोक काय म्हणतील, म्हातारीला पोराने विमानात घातलं?"

"म्हणू दे."

"पडलीस तर?"

"बहात्तर वर्षांची झाले. आता कुठून तरी पडणारच आहे."

फार लागलं त्याला. दाराशी जाऊन उभा राहिला. मग तोंड तिकडेच ठेवून म्हणाला, मी दहा वर्षांचा असताना बाबांनी मला वर नेलं होतं, आठवतं का? मला आठवत होतं. उतरल्यावर तो आठ दिवस गप्प होता, सगळ्यांना वाटलं पोराला कौतुक वाटलं. आज म्हणाला, चड्डी ओली झाली होती. बाबा मागे बसून हसत होते. त्यांना दिसलंच नाही.

बावन्न वर्षांचा माणूस! इतकी वर्षं पोटात ठेवलं. मला एकदम भरून आलं. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, बऱ्याच वर्षांनी. केस विरळ झाले आहेत.

कबूल केलं त्याच्यापाशी— एकच फेरी. वर जायचं, वळायचं, उतरायचं. शपथ घातली त्याने, घेतली मी.

८ फेब्रुवारी

उद्या. नऊवारीचा काष्टा नीट बसतो का, सीटवर चढायला, ते स्टुलावर चढून पाहिलं. बसतो.

९ फेब्रुवारी, धुळे

मला फार आनंद झाला. वर गेल्यावर. इतका की ओरडलेच.

खाली रतिलाल धावपट्टीच्या कडेला उभा होता, हात डोळ्यांवर धरून. फेरी पुरी झाली, रुपचंदभाऊंनी उतरायला विमानाचं नाक खाली केलं. बोलायच्या नळीतून मी म्हटलं, भाऊ, नका उतरू. जाऊ द्या पुढे. त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. गिरणा ओलांडली, एरंडोल गेलं, पारोळा गेलं.

ताईबाईच्या, माझ्या मावसबहिणीच्या, दारात रिक्षातून उतरले. ती म्हणाली, "माय वं, तू येडी शे का?" तिच्याकडून फोन लावला. रतिलाल घरी पोचला होता. मी कुठे आहे ते सांगितलं. मग म्हणाला, "जेवलीस का?"

सकाळी सातला नाशिक. वर थंडी फार वाजते. ताईबाईचा स्वेटर मागून घेतला आहे.